सरकारी जमिनीवरची आटलेली पाणथळ परत आणायची आहे. तीन नकाशे तीन गोष्टी सांगतायत, कशावर विसंबू?

ओलीचा_माग

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशांचे थर जोडून तपासायचं, काम करते. सध्या हातात एक सरकारी जमीन आहे, सुमारे ३४० हेक्टर, जवळजवळ सपाट, पूर्वेच्या अंगाला ओढा. पूर्वी इथे वर्षातले सात-आठ महिने घोटाभर पाणी उभं असायचं. मग जमीन कोरडी करून वापरात आणावी म्हणून चर खणले गेले, पाणी ओढ्याला लागलं आणि पाणथळ आटली. तो वापरही पुढे बंद पडला, पण चर पाणी ओढतायत ते ओढतायतच. आता जमीन ज्या खात्याची आहे, त्यानेच पाणथळ परत आणायचं ठरवलंय. पहिल्या टप्प्यात चर अडवायला पाच जागांपुरतीच तरतूद आहे, आणि त्या पाच जागा मी नकाशावरून सुचवायच्या आहेत.

माझ्याकडे नकाशाचे तीन थर आहेत. एक, सरकारी पाणथळ नकाशा. त्यात फक्त वायव्येचा कोपरा पाणथळ म्हणून रंगवलाय. दुसरा, २०१७ पासूनची सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं. त्यांवरून एमएनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखायचा निर्देशांक) काढला, तर ओढ्याकाठची तीन-चार डबकी सोडून काहीच उजळत नाही. तिसरा, खात्याने मागे कधीतरी करून घेतलेला एक मीटरचा लायडर डीईएम, म्हणजे वरून लेसर सोडून केलेला जमिनीच्या उंचीचा नकाशा. त्यावरून टोपोग्राफिक वेटनेस इंडेक्स (उतारावरून पाणी कुठे जमेल याचा अंदाज) काढला, तर ओला पट्टा येतो जमिनीच्या बरोबर मधोमध. बाकी दोन्ही थरांत तिथे काहीही नाही.

मी सगळे थर १० मीटरच्या एकाच ग्रिडवर आणले, प्रत्येकाला वजन दिलं (सरकारी नकाशा ३०, उपग्रह ३०, डीईएम ४०), बेरीज केली आणि सर्वांत जास्त गुणांच्या पाच जागा काढल्या. नकाशा दिसायला देखणा झाला. बैठकीत सगळ्यांना पसंतही पडला.

मागच्या आठवड्यात प्रत्यक्ष गेले. क्रमांक एकची जागा म्हणजे मधल्या पट्ट्यातला खोलगट भाग, मातीच्या भरावाच्या रस्त्याला लागून. मॉडेलप्रमाणे तिथे पाणी साठायलाच हवं. तिथे जमीन तडकलेली होती. भेगेत पेन्सिल घातली तर टोकापर्यंत आत गेली. दहा-बारा दिवसांपूर्वी चांगला पाऊस होऊन गेला होता, तरी ही स्थिती. आणि तिथून दोनशे मीटरवर, जिथे माझ्या नकाशात जवळजवळ शून्य गुण आहेत, तिथे लव्हाळा हिरवागार उभा.

यादी महिन्याभरात द्यायची आहे. वजनं बदलून बघू, की पद्धतच चुकतेय? चुकीच्या जागी माती पडली तर पुढच्या टप्प्याला कुणी हात लावणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

जुना_पाणलोटवाला

ताई, वजनं बदलत बसू नका. ३०-३०-४० चं २५-२५-५० केलंत तर पाच ठिपके इकडचे तिकडे होतील, चूक तीच राहील. तुमचे थर एकमेकांशी भांडत नाहीयेत. सरकारी नकाशा सांगतो, तो केला तेव्हा चित्रावरून पाणथळ कुठे ओळखू आली. उपग्रह सांगतो, आज उघडं पाणी कुठे आहे. आणि डीईएम सांगतो, अडथळा नसता तर पाणी उताराने कुठे जमलं असतं. वेगवेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज करून हाती काही लागत नाही.

तुम्हाला विचारायचंय ते यातल्या कुठल्याच थराला विचारलेलं नाही: पाणी पळतंय कुठून? त्याचं उत्तर लायडरमध्ये होतं. १० मीटरवर आणताना ते पुसलं गेलं.

हिशेब करून बघा. चर सव्वा मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल धरू. दहा मीटरच्या चौकोनात सरासरी काढली की त्याचा उरतो साधारण नऊ सेंटीमीटरचा खळगा. लायडरच्या उंचीतच तेवढी चूक असू शकते. म्हणजे चर संपला. उलट रस्त्याचा भराव सहा-सात मीटर रुंद आणि दीड मीटर उंच असला, तर सरासरीनंतरही तो मीटरभर उरतो. पाणी नेणारी वस्तू नकाशातून गेली, अडवणारी राहिली. मग मॉडेलला मधोमध तळं दिसणारच.

त्या भरावाखाली मोरी आहे का, पाहिलंत? लायडरचा किरण वरून पडतो, त्याला रस्त्याचा माथा लागतो, खालचा पाइप त्याला कळत नाही. डीईएमच्या लेखी प्रत्येक भराव म्हणजे धरण. क्रमांक एकचं पाणी मोरीतून पलीकडे जात असणार, असं मला वाटतं. पुढच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा आणि भरावाच्या दोन्ही अंगांनी चाला. गवत वाढलं की मोरीचं तोंड दोन हातांवरूनही दिसत नाही, पाण्याचा आवाज ऐकावा लागतो.

मी असं काम आलं की आधी चर शोधतो, पाणथळ नंतर. मूळ एक मीटरचा डीईएम घ्या. त्यावर पंधरा-वीस मीटरच्या खिडकीची सरासरी काढा आणि मूळ डीईएममधून ती वजा करा. जमिनीचा मोठा उतार निघून जातो आणि चर काळ्या दोऱ्यासारखे उठून दिसतात. जोडीला हिलशेड (खोट्या सूर्याने उजेड-सावली दाखवणारं चित्र) करा, पण सूर्य खाली ठेवा, क्षितिजापासून पंधरा-वीस अंश, आणि दोन दिशांनी करा. प्रकाशाच्या दिशेलाच जाणारा चर एका हिलशेडमध्ये हरवतो. मग सगळे चर हाताने रेखाटा. स्वयंचलित पद्धती आहेत, पण ३४० हेक्टरला दोन दिवस पुरतात, आणि रेखाटताना डोळ्यांखालून जे जातं ते कुठलंही टूल दाखवत नाही. प्रत्येक चराची रुंदी, खोली, उतार आणि तो कुठे जाऊन मिळतो ते टेबलात भरा. मोऱ्या सापडल्या की भरावाला डीईएममध्ये तेवढीच खाच पाडा.

नंतर प्रवाहाचं मॉडेल दोनदा चालवा. एकदा आहे त्या जमिनीवर, चर आणि मोऱ्यांसकट. दुसऱ्यांदा चर काठापर्यंत भरले असं समजून. दोन निकालांतला फरक हा तुमचा नकाशा. जिथे फरक मोठा, तिथे चर अडवल्याने खरोखर काही बदलणार आहे. इतक्या सपाट जमिनीवर डी-८ पद्धत (एका चौकोनाचं सगळं पाणी एकाच शेजारच्या चौकोनात टाकणारी) पाणी समांतर सरळ रेघांत पळवते, ते खरं धरू नका. प्रवाह अनेक दिशांना वाटणारी पद्धत घ्या.

आणखी एक, जे तुमच्या खात्याला पटवायला जड जाईल. पाच जागा म्हणजे पाच चरांवर एकेक बांध असं नको. लांब चरावर एकच बांध घातला की वरच्या बाजूला पाणी फुगतं, खालच्या बाजूला चर कोरडाच राहतो, पातळीत मोठा फरक पडतो आणि पाणी बांधाच्या कडेने वाट काढून त्याला पोखरतं. एका बांधाच्या पाण्याची शेपूट वरच्या बांधाच्या पायथ्यापर्यंत पोचली पाहिजे, आणि दोन पातळ्यांत वीतभरापेक्षा जास्त फरक नको. पाचही बांध एकाच चरावर घाला. एक चर पूर्ण बंद झाला की जमिनीवर फरक दिसतो. पाच चर पंचमांश बंद करून काहीच दिसत नाही.

पिक्सेल_आणि_पाणी

काकांनी मुख्य ते सांगितलंय. मी फक्त उपग्रहाबद्दल.

एमएनडीडब्ल्यूआय उघड्या पाण्यासाठी आहे. लव्हाळ्याच्या किंवा पाणकणसाच्या खाली वीतभर पाणी असलं तरी सेन्सरला पानंच दिसतात. तो निर्देशांक तुमचा लव्हाळा दाखवणार नाही, त्यात त्याचा दोष नाही. त्याऐवजी पाऊस थांबून दोन-अडीच महिने झाल्यानंतरचा एक पंधरवडा धरा आणि दर वर्षीचा तोच पंधरवडा घ्या. आजूबाजूचं गवत तेव्हा पिवळं पडलेलं असतं आणि मुळाशी ओल असलेली जागा हिरवी राहते. सगळ्या वर्षांचा मिळून एनडीव्हीआय (हिरवळीचा निर्देशांक) आणि एनडीएमआय (पानांतल्या ओलीचा निर्देशांक) यांचा मध्यक काढा. तुमची दोनशे मीटरवरची जागा त्यात ठसठशीत येईल, पैज लावतो. ढगांच्या महिन्यांसाठी सेंटिनेल-१ चं रडार आहे. झाडोरा दाट असेल तर त्याच्या आखूड लहरी (सी-बँड) वरच अडकतात, तिथे लांब लहरींचा एल-बँड लागतो; जुलै २०२५ मध्ये सुटलेल्या निसार उपग्रहात तो आहे.

ग्लोबल सर्फेस वॉटर हा नकाशासंच बघितलात का? लँडसॅट उपग्रहांवरून १९८४ पासूनचं उघडं पाणी. पण ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे ९०० चौरस मीटर, आणि तुमचे चर बहुधा १९८४ च्या आधीचे. त्याआधीचं बघायचं तर कोरोना नावाच्या हेर उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली चित्रं आहेत, अमेरिकेने ती १९९५ मध्ये खुली केली. सगळीकडची चांगली नाहीत, पण शेवटच्या काही मोहिमांत दोन मीटरच्या आसपासचा तपशील मिळतो. कृष्णधवल चित्रात ओली जमीन गडद येते. चर खणायच्या आधीचं एखादं चित्र मिळालं तर तुमचं अर्धं काम झालं.

सरकारी पाणथळ नकाशाला मी ३० वजन कधीच दिलं नसतं. त्याला नावं ठेवत नाही, पण तो वेगळ्या कामासाठी आणि वेगळ्या प्रमाणावर केलेला असतो. भारताचा २०११ चा राष्ट्रीय पाणथळ अ‍ॅटलास १:५०,००० चा आहे, २००६-०७ च्या चित्रांवरून केलेला. त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान पाणथळ नुसत्या बिंदूंनी दाखवल्यात आणि तशा साडेपाच लाखांहून जास्त आहेत. बिंदूला आकार नसतो, काठ नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाणथळ यादीतही कित्येक भागांचं रेखाटन अनेक दशकांपूर्वीच्या हवाई छायाचित्रांवरचं आहे. अशा नकाशात जागा दिसली तर चांगलंच, पण दिसली नाही म्हणून तिथे पाणथळ नव्हती असं ठरत नाही.

हद्द_खुणा

मी मोजणीतला माणूस, पाण्यातलं फार कळत नाही. पण काकांनी बांध सांगितले आणि हद्दीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

जमीन सरकारी असली तरी पाणी सरकारी हद्दीत थांबत नाही. प्रत्येक बांधाच्या माथ्याची उंची घ्या, वर वीतभर जास्त धरा आणि त्या उंचीची समोच्च रेषा चालवा. ती रेषा शेजाऱ्याच्या जमिनीत शिरली तर तो बांध तिथे होऊ शकत नाही, किंवा आधी त्याच्याशी बसून बोलावं लागेल. फ्लोरिडातली किसिमी नदी सरळ करायला १९६२ ते १९७१ मध्ये कालवा खणला होता, १६६ किलोमीटरची वळणावळणाची नदी ९० किलोमीटरची झाली. ती परत वळवताना पाणी पसरणार म्हणून आधी एक लाख एकरांहून जास्त जमीन ताब्यात घ्यावी लागली. मगच कालव्याचा सुमारे ३५ किलोमीटरचा भाग बुजवला आणि ते काम २०२१ मध्ये पुरं झालं.

सरकारी जमिनीवर लोकांचे हक्कही असतात. चराई, पायवाट, विजेचे खांब, खालून गेलेली जलवाहिनी. यांतलं बरंचसं नुसत्या कागदावर असतं, कुठल्या शेपफाइलमध्ये (नकाशाच्या थराच्या फाइलमध्ये) नसतं. तो थर तुम्हालाच करावा लागेल. आणि हद्दीचा थर लायडरवर टाकून पाहा, जुन्या नकाशावरून आणलेली हद्द सहज दहा-पंधरा मीटर सरकलेली असते. दोन पक्क्या खुणांवर जीपीएस ठेवून जुळवून घ्या.

माती_उकरणारी

यादी द्यायच्या आधी प्रत्येक जागी हाताने फिरवायच्या गिरमिटाने मीटरभर माती काढा. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेल्या मातीत हवा पोचत नाही, लोह विरघळून निघून जातं आणि माती राखाडी, कधी निळसर होते. मुळांच्या नळ्यांभोवती, जिथे थोडी हवा मिळते, तिथे गंजाचे ठिपके राहतात. चर खणून कित्येक दशकं झाली तरी हे रंग टिकतात. एवढी जुनी साक्ष दुसरी कुठली मिळायची नाही, आणि तिला लागतो हात आणि एक बादली.

माती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, असेल तर मात्र सावध. पाणी काढलं की पीट कुजतं आणि जमीन खाली बसते. इंग्लंडमध्ये होम फेन इथे १८५० च्या सुमारास एक लोखंडी खांब जमिनीच्या पातळीपर्यंत गाडला होता. तो आज सुमारे चार मीटर वर आलेला दिसतो. म्हणजे जमीन तेवढी बसली. अशा ठिकाणी जुन्या नकाशातल्या उंचीवर बांधाचा माथा ठरवलात तर तळं होईल, पाणथळ नाही.

आणि भोकं पाडलेले साधे पाइप उभे गाडून भूजलाची पातळी आजपासून मोजायला लागा. बांध घातल्यावर मोजायला सुरुवात केली तर आधी काय होतं हे कुणालाच सांगता येणार नाही. एखाद-दोन पाइप जिथे काहीच करणार नाही अशा चराजवळही ठेवा. नाहीतर पातळी वाढली ती बांधामुळे की पाऊस चांगला झाला म्हणून, हे कळायचं नाही.

ओलीचा_माग

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण सगळं करून बघितल्याशिवाय लिहावंसं वाटेना.

काका, मोरी होती. पावसाच्या दुसऱ्या दिवशी गेले, भरावाच्या कडेने दोनदा चालूनही दिसली नाही. तिसऱ्यांदा थांबून ऐकलं तेव्हा गवताखालून खळखळ आली. हाताने गवत बाजूला केलं, तर दोन फुटी सिमेंटचा पाइप, निम्मा गाळाने भरलेला आणि उरलेल्या निम्म्यातून गढूळ पाणी जोरात पलीकडच्या चरात चाललेलं. मी ज्या जागेला सर्वांत जास्त गुण दिले होते तिचं पाणी माझ्या डोळ्यांदेखत निघून जात होतं. तिथे बराच वेळ बसून राहिले.

एक मीटरच्या डीईएमवर सरासरी वजा करून पाहिली. खात्याच्या आराखड्यात सात चर आहेत, मला अकरा सापडले. जास्तीचे चारही झुडपांखाली आहेत, जागेवर गेल्यावर पाय आत गेला तेव्हा पटलं. दोनदा प्रवाह चालवून फरक काढला, तर सगळ्यांत मोठा फरक तिसऱ्या क्रमांकाच्या चरावर आला. ११५० मीटर लांब, एकूण उतार १.१ मीटर. म्हणजे वीत-वीत फरकाने बरोबर पाच बांध. पाऊस संपल्यानंतरच्या त्या पंधरवड्यातल्या हिरवळीचा मध्यक काढला तर लव्हाळ्याची जागा खरंच ठसठशीत आली, आणि ती याच चराच्या वरच्या तोंडाशी आहे. तिथे पाझर असावा, चर त्यालाच पाणी काढायला खणलेला दिसतो.

समोच्च रेषेने एक बांध घालवला. सर्वांत वरच्या बांधाचं पाणी पश्चिमेची हद्द ओलांडून चाळीस मीटर शेजारच्या शेतात जात होतं. आता तिसऱ्या चरावर चार बांध, आणि पाचव्याऐवजी मोरीच्या तोंडाशी खाचेत बसणाऱ्या लाकडी फळ्या, म्हणजे पातळी हळूहळू वर नेता येईल आणि रस्ता भिजायला लागला तर एक फळी काढता येईल. हे काका तुम्हाला चालेल का, सांगा.

गिरमिटाने नऊ ठिकाणी माती काढली. तिसऱ्या चराच्या दोन्ही बाजूंना पस्तीस-चाळीस सेंटीमीटरखाली स्वच्छ राखाडी, त्यात गंजाचे ठिपके. पीट नाही, चिकणमाती आहे. वायव्येच्या कोपऱ्यात, सरकारी नकाशात जो रंगवलाय तिथे, मीटरभर एकसारखी तपकिरी माती. बहुधा चित्र घेतलं त्या दिवशी तिथे पावसाचं पाणी साचलेलं असावं. तो कोपरा यादीतून काढला. बैठकीत त्यावरच सगळ्यांत जास्त प्रश्न आले, म्हणून मातीचे दोन नमुने शेजारी-शेजारी टेबलावर ठेवले. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

जुना_पाणलोटवाला

फळ्या चालतील. पण पाइपमधला गाळ आधी काढू नका. तो निघाला की पाणी आणखी पटकन निघून जाईल आणि फळ्या बसेपर्यंत आहे ती ओलही जाईल. आधी फळ्या, मग गाळ. चारही बांधांचे माथे चराच्या काठापेक्षा किंचित वर आणि रुंद ठेवा, पाणी बांधावरून न जाता बाजूने जमिनीवर पसरलं पाहिजे. बांधाची माती बाहेरून आणू नका, चर खणताना काठावर टाकलेली तिथेच पडलेली असेल. लायडरमध्ये चराच्या कडेला बारीक वरंबा दिसतो का बघा, तीच ती.

ओलीचा_माग

वरंबा आहे, उत्तरेच्या काठाला सलग. घनफळ काढते.

पाइप काल गाडले. सहा तिसऱ्या चराच्या आडव्या रेषेत, दोन नवव्या चराजवळ, जिथे काहीच करणार नाही. बांध पुढच्या कोरड्या हंगामात. आजचं पहिलं वाचन, तिसऱ्या चरापासून पाच मीटरवर: पाणी जमिनीखाली ९४ सेंटीमीटर.